चांदीकाकूंची बिननावाची वेल

चांदीकाकूंच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये शिरायचं तर पोहता येणं आवश्यक होतं. गॅलरीभर होयाच्या वेली लोंबत. मेणासारखी जाड पानं आणि त्यांवर चांदीचा मुलामा. एकदा सकाळी सिलिंडरवाला त्यात शिरला, तो चहाच्या वासावर वाट काढत दुपारी बाहेर आला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो अजून पानांना घाबरतो.

काकू डोळे मिटून, नुसत्या बोटांनी वेल ओळखत. "ह्या पानावर चांदी शिंपडली हाय. अन् हे बदामाच्या आकाराचं पान, हे सारंच चांदीचं." चांदी बोटाला कशी लागते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. फुलं गळलेला दांडा कोणी खुडायला गेलं की ओरडत, "काहून तोडून राहिला रे पोट्ट्या? पुढचा बहर त्याच्यावरच येते!"

एकच वेल त्यांना ओळखता येत नव्हती. काकांनी ती बदलीच्या कुठल्याशा गावाहून आणलेली. नाव विचारलं की काका मिशीत हसत, "फूल येऊ दे, मंग सांगतो." फुलाआधी काकाच गेले. तेव्हापासून काकू रोज सांजेला त्या वेलीपुढे खुर्ची टाकून बसत. जणू फूल उमललं की काका बोलणार होते.

आणि क्वार्टर सोडायच्या आठवड्यातच वेलीनं कळ्या धरल्या! होया जागची हलली की कळ्या टाकते. म्हणून काकूंना वरठीला त्यांच्या बहिणीकडे पोचवताना आम्ही ऑटो असा हाकला, की मुंग्या हॉर्न वाजवून पुढे गेल्या. वेलीचं उजेडाकडचं तोंड उजेडाकडेच राहावं म्हणून कुंडी मांडीवर घेतलेल्या काकू प्रत्येक वळणाला स्वतः फिरत होत्या. उतरलो, तर साऱ्या कळ्या पदरात.

"तुह्या काकाले नाव सांगायचंच नाही दिसत, बाप्पा," एवढंच म्हणाल्या.

पुढे काकूही गेल्या. वेल माझ्याकडे आली. यंदा त्याच जुन्या दांड्यावर बारीक पांढऱ्या चांदण्यांचा झुबका फुलला. मोबाइलला फोटो दाखवला, त्यानं क्षणात नाव सांगून टाकलं.

सांजेला वास सुटला, तशी मागे खुर्ची करकरली.

"काय नाव निघालं रे?"

नाव ओठांवर होतं. पण ते कळल्यावर काकू कायले येतील? मी मागे न बघता म्हणालो, "पुढचं फूल येऊ द्या काकू, मंग सांगतो."

दांडा मी कोणाला खुडू देत नाही.