पिशोरच्या दवाखान्यातलं पाच मिनिटं पुढचं घड्याळ

घड्याळाला फिरायला न्यायचंय, चल, असं मिलिंद फोनवर म्हणाला, तेव्हा पन्नाशीनंतर माणसं कुत्रा पाळतात, यानं घड्याळ पाळलं, एवढंच मनात आलं. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसून रूपं पाठ केली. पुढे तो इलेक्ट्रॉनिक्सकडे वळला, मी संस्कृतातच राहिले, व्याकरण शिकवलं आणि पोटासाठी वर्तमानपत्रांना बातम्या, प्रवासाचे लेख पाठवू लागले. तो मला अजून पंडिताबाई म्हणतो. एक आकडे वाचणारा आणि एक लिहिणारा असल्याशिवाय मोजणी धरत नाहीत, त्याचा लिहिणारा सहकारी रजेवर होता, म्हणून माझी वर्णी लागली.

साताऱ्याहून निघून पुण्यात गाडी बदलली आणि संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरला क्रांती चौकात उतरले. तिथून चिकलठाण्याला रिक्षानं दीडशे रुपये घेतले. घासाघीस करायची ताकद असेल तर कमी होतील.

शुक्रवारी सकाळी मिलिंदच्या प्रयोगशाळेत गेले. मोबाईल बाहेरच्या लाकडी कप्प्यात ठेवावा लागला, कारण त्याच्या लहरींनी वाचन बिघडतं. आत एक घड्याळ सदैव चालू असतं, खोलीचं तापमानही बदलू देत नाहीत. त्याच्याशी प्रवासाचं घड्याळ जुळवायचं, ते चालू ठेवूनच गावोगाव न्यायचं, तिथली घड्याळं तपासायची आणि परत आल्यावर पुन्हा घरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. वाटेत ते बिघडलं असेल तर सगळी फेरी रद्द.

हे कशासाठी, तर मोबाईलच्या टॉवरसाठी. शेजारशेजारचे टॉवर सेकंदाचे बारीक तुकडे पाडून आळीपाळीनं बोलतात. पाठशाळेत वीस मुलं एका सुरात म्हणत असताना एखादा अर्धी मात्रा पुढे पळाला की सगळ्यांचा विचका होतो, तसंच इथं. टॉवर वेळ उपग्रहाकडून घेतो. तो सिग्नल तुटला की पोटातल्या स्फटिकाच्या घड्याळावर निभावतो, आणि स्फटिक उन्हानं, वयानं हळूहळू सरकतो. पिशोरजवळच्या टॉवरवर चालत्या गाडीतले फोन मध्येच तुटत होते. कामाचं कारण एवढंच.

दुसरं कारण त्यानं दौलताबादच्या वेशीत सांगितलं. तिथं समोरून ट्रक आला की दोन्हीकडच्या गाड्या थिजतात, बोलायला वेळच वेळ मिळतो. (सकाळी आठच्या आत तो दरवाजा पार करा.)

गेल्या पौषात त्याचे वडील, आबा, पिशोरच्या सरकारी दवाखान्यात वारले. रजिस्टरात वेळ आहे चार चाळीस, तीही भिंतीवरच्या घड्याळाची. मिलिंदच्या फोनवर आबांच्या फोनवरून आलेला कॉल आहे चार छत्तीसचा. त्यानं तो कापला होता.

"म्हणजे आबा जिवंत होते तेव्हा," मी म्हणाले.

"सुजाता तेच म्हणते. आबांनी हाक मारली आणि तू कापलीस. आठ महिने माझ्याशी बोलत नाही ती." सुजाता त्याची धाकटी बहीण. आबांना तिनंच सांभाळलं. "पण ते घड्याळ चार मिनिटांहून जास्त पुढं असेल, तर आबा आधीच गेले होते आणि फोन सिस्टरनं कळवायला लावला होता."

"सिस्टरला विचार की."

"विचारलं. रोज दोन-चार जणांचे फोन लावते, कुणाचा कोणता ध्यानात नाय म्हणाली."

मिनिटांच्या प्रश्नाला अब्जांश सेकंद मोजणारं यंत्र कशाला, हा विनोद जिभेवर आला होता. त्याच्याकडे बघून गिळला.

खुलताबाद, वेरूळ, कन्नड करत पिशोरला पोचायला अडीच तास लागले. कन्नडच्या पुढे रस्ता अरुंद आहे, दोन्हीकडे मका आणि अद्रकीची, म्हणजे आल्याची शेतं. टॉवरवर तासभर आकडे घेतले. तो वाचायचा, मी मोठ्यानं परत म्हणायचे, मगच लिहायचं. मला सवय होती, आमची सगळी विद्या अशीच तोंडातोंडी आलेली.

दवाखान्यात बाह्यरुग्णांची रांग होती. भिंतीवरचं घड्याळ साधंच, पांढरं, सेकंदकाटा टकटक करणारं. त्यानं वाचलं, मी लिहिलं: पाच मिनिटं आठ सेकंद पुढे.

मी वजाबाकी करून टाकली. चार चाळीसमधून पाच गेली, चार पस्तीस. फोन नंतरचा.

"थांब," मिलिंद म्हणाला. "हा आजचा फरक. तेव्हा किती होता, ते त्याची चाल, म्हणजे रोज किती सरकतं ते, कळल्याशिवाय सांगता येत नाही. मागं सेल कधी बदलला तेही बघायला पाहिजे."

"आत्ता खाली काढू नका, पेशंट हायत," सिस्टर म्हणाल्या. "रविवारी ह्याच टायमाला या. काढून देते."

मुक्काम पिशोरातच, सुजाताकडे. भावाला तिनं खुर्ची दाखवली, पाणी ठेवलं आणि आत गेली. मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसले. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "कशाला आलाय ह्यो?"

आणि मी सांगून टाकलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, बहुतेक फोन आबांचा नव्हता. व्याकरण शिकवताना अपवाद सांगायला मी कधी विसरले नव्हते. इथं विसरले.

तिचा हात परातीवर थांबला. "व्हय?" म्हणाली. जेवताना तिनं मिलिंदच्या ताटात दुसरी भाकरी वाढली आणि म्हणाली, "आबांसारखा खातो. पिठलं आधी संपिवतो, मग कोरडी भाकर चावत बसतो."

"मग आधी वाढ की पिठलं."

"जीभ तशीच हाय," ती म्हणाली, आणि वाढलं.

शनिवारी दोघं मिळून आबांची ट्रंक आवरत बसले. आबा शिक्षक होते, ट्रंकेत हजेरीची जुनी पानं निघाली, कुणाकुणाच्या नावावर दोघं हसत होते. मी दोन-तीनदा मिलिंदला सांगायला गेले की मी बोलून बसलेय. त्याचा चेहरा बघून परत फिरले.

रविवारी दवाखाना रिकामा होता. पाच मिनिटं दहा सेकंद. दोन दिवसांत दोन सेकंद, म्हणजे रोजचा एक. सिस्टरनं घड्याळ उतरवून पालथं केलं. मागे चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बॉलपेननं 'दिवाळी, पाडवा'.

"सेल टाकला की पट्टी लावते मी," त्या म्हणाल्या. "न्हाईतर घड्याळ बिघडलं की कंपनीवाले म्हणत्यात, सेल जुनाच हाय. टाइम मोबाईलवरनं मिळवते."

मिलिंदनं बोटांवर दिवस मोजले. पाडव्यापासून आजवर तीनशे दहा. तीनशे दहा सेकंद म्हणजे बरोबर पाच मिनिटं दहा. सगळं जुळत होतं. पाडव्यापासून आबा जाईपर्यंत पंच्याहत्तर दिवस. त्या दुपारी घड्याळ सव्वा मिनिट पुढे होतं, पाच नव्हे. आबा गेले ते चार अडतीस होऊन गेल्यावर.

"रजिस्टरात वेळ ढोबळ लिहितात," मी म्हणाले. "कुणी उशिरा लिहिली असेल."

त्यानं रजिस्टराचं पान माझ्यापुढे केलं. आधीच्या नोंदी तीन बावन्न, चार सात अशा होत्या. "सिस्टर मिनिटकाटा बघून लिहितात. मिनिटभराची चूक धरली तरी फोन आधीचाच. लिही."

मी परत म्हटलं आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर मी त्याला शुक्रवारचं सांगितलं. तो रागावला नाही. "म्हणून वाढलं होय तिनं," एवढंच म्हणाला.

"सांगू नकोस तिला, मिलिंद."

"एकदाच मोजलेलं कुणाला सांगायचं नसतं, पंडिताबाई. आता दोनदा मोजलंय."

सुजाता ओट्यावर शेंगा सोलत होती. त्यानं उभ्यानंच सांगितलं, आकड्यांसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या त्या खोलीत फोन नेत नाय ना कुणी?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तुझ्याकडं कसा होता?"

"आबांना बरं नव्हतं म्हणून नेला होता आत. वाचन चालू होतं. वाजला, हात आपोआप गेला."

ती शेंगा सोलत राहिली. "त्यांच्यासाठी नेला व्हता," ती म्हणाली. "मग उचलायचा व्हता."

जेवून जा, असंही म्हणाली. आम्ही जेवलो. त्या दिवशी वाढलं मीच.

चिकलठाण्यात घड्याळ घरच्या घड्याळाशी ताडून बघितलं. दोन्ही जुळली, फेरी चोख बंद झाली. ते बिघडलेलं निघावं असं मला वाटत होतं, त्यालाही वाटलं असेल. त्यानं वहीवर सही केली, खाली लिहिणाऱ्याची म्हणून माझी घेतली.

साताऱ्याला येऊन मला दहा दिवस झाले. पिशोरला जायचंच तर पावसाळा सरता सरता जा, तेव्हा तिकडचं हिरवं बघण्यासारखं असतं. बाकी काय राहिलं म्हणाल, तर शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ दोन भावंडं एका ट्रंकेशी बसून हसली. ते माझ्या घाईनं मिळालं आणि माझ्याच हातानं लिहून मोडलं. दोन्हींत पुण्य कुठलं ते मला शास्त्रात सापडत नाही.

काल सुजाताचा फोन आला. आधी पाऊस किती झाला ते विचारलं. मग म्हणाली, "ताई, फोन कापल्यावर पावणेतीन मिनिटं व्हती ना? तेवढ्यात आबांनी वाट बघितली असंल का वो? त्यानं परत लावायची?"

"मला नाही सांगता येणार."

"मीबी नव्हते तिथं. कन्नडला न्यायला गाडी बघायला गेलते. मला वाटलं, येते पाच मिनिटांत. फोन कापला तरी त्यो निदान फोनवर तरी व्हता. मी तर कुठंच नव्हते. त्याला लई बोलले मी."

"हे त्याला सांग, सुजाता."

"मला न्हाय जमायचं त्याच्याशी बोलाया. तुम्ही पेपरात लिवता ना तिकडं? लिवा."

म्हणून लिहिलं. मिलिंद, वाच.