पुसलेल्या डिस्कवरचं बोडण

आधीच सांगतो, असले अनुभव मी चहा पिता पिता हसत वाचणाऱ्यांपैकी आहे. पीथमपूरच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो, सगळे लिनक्सवर चालणारे. काही बिघडलं की लॉग, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेली नोंद, उघडायचा, ओळीमागून ओळ वाचायची, कारण सापडतंच. बारा वर्षांत ‘आपोआप झालं’ असं एकदाही झालेलं नाही. कुणी म्हणालं की फाइल आपोआप गेली, तर मी विचारतो — साहेब, कुणाच्या हातानं?

म्हणूनच हे लिहायला दीड वर्ष लागलं. आणि खरं सांगू? त्यातला न कळणारा भाग लिहिणं सोपं आहे. त्याआधीचा, नीट कळणारा भाग लिहिताना हात अडतोय...

आम्ही मध्य प्रदेशातल्या देवासचे. टेकरीच्या पायथ्याशी घर, घरात तेव्हा आई, बायको आणि मी. पणजोबा संस्थानात कारकून होते म्हणून इकडे आलो, ते इकडचेच झालो. माझी शाळा सगळी हिंदीतून. मराठी बोलतो, पण जुन्या माणसांच्या हातचं मराठी वाचायचं म्हटलं की दुसऱ्याच ओळीत घाम फुटतो. (इथलं ऱ्हस्व-दीर्घ आईनं तपासून दिलंय. म्हणजे तिनं हे सगळं वाचलंय.)

वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, धारला तळ्याजवळच्या एका गल्लीत एकटीच राहायची. आमच्या घराण्याचे सगळे कुळाचार तिला पाठ. आईचं लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिची सासू आधीच गेलेली, त्यामुळे नवरात्र असो की बोडण, आई फोन उचलायची — “वन्सं, पुढं काय करू?” ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : घरात लग्न किंवा बाळंतपण झालं की आमच्यात बोडण भरतात. परातीत देवी ठेवून सवाष्णी आणि एक कुमारिका दूध, दही, पुरण हातानं कालवतात. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी, आणि आमची रीत फक्त आत्याकडे होती.

तिनं एक वही लिहिली होती. मला दिली. मी पानं उलटली आणि परत केली.

“वाचता येत नाही होय रे?” ती म्हणाली. रागावली नाही. “बरं. मग मी बोलते, तू ठेव जपून.”

दोन वर्षं ती तिच्या फोनवर बोलत राहिली. एकेक सण, एकेक नैवेद्य. तिला फक्त ते लाल बटण दाबायचं माहीत होतं. शनिवारी काम सुटलं की मी पीथमपूरहून परस्पर धारची बस धरायचो. तिच्या हातचे पोहे खायचे, फोनमधलं सगळं माझ्या पोर्टेबल डिस्कवर घ्यायचं आणि फोनमधून डिलीट करायचं. जुना फोन, सारखा भरायचा. डिस्क पहिल्यांदा नेली तेव्हा तिनं तिला हळदकुंकू लावलं होतं. “नवी वस्तू आलीय घरात, तशीच कशी वापरायची?”

त्या डिस्कची कॉपी मी केली नव्हती. मी — जो अख्ख्या कारखान्याला बॅकअपवर लेक्चर देतो.

शेवटी एक दिवस ठरवलं, आज कॉपी करूच, आणि डिस्क ऑफिसला घेऊन गेलो. बसमध्ये बॅगेतून काढून पाहिली तर वर ते हळदकुंकू. म्हटलं, पोरं हसतील... रुमाल ओला केला आणि पुसून टाकलं. लाज कसली वाटली मला?

ऑफिसात त्या दिवशी कारखान्याची एक जुनी डिस्क भंगारात जायची होती. त्याआधी ती पूर्ण पुसायची, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं लिहायची. ‘डीडी’ नावाची एका ओळीची कमांड आहे, ती काही विचारत नाही, सांगितलं की करते. भंगारातली डिस्कही काळी, त्याच कंपनीची, त्याच मापाची. दोन्ही एकाच मशीनला लावल्या. लिनक्समध्ये डिस्क जोडाल तसं तिला नाव मिळतं — एसडीबी, एसडीसी. मी यादी काढून बघितली. भंगारातली एसडीबी, आत्याची एसडीसी. बरोबर. तेवढ्यात एक केबल ढिली वाटली म्हणून दोन्ही काढून पुन्हा लावल्या आणि जेवायला गेलो. जेवून आलो आणि यादी पुन्हा न बघता कमांड दिली.

काढून लावल्यावर नावं बदलतात. हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो.

संध्याकाळी ‘भंगारातली’ डिस्क हातात घेतली, तर स्क्रूच्या खाचेत लाल काहीतरी राहिलेलं. कुंकू. मी तिथंच खाली बसलो. शेजारचा तिवारी म्हणाला, “क्या हुआ भिया, चक्कर आ रहा है क्या?” मी म्हटलं, कुछ नहीं. शून्यं लिहून झालेल्या डिस्कवरून काहीही परत येत नाही. तरी मी तिच्यावर नवी फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची मांडणी, बसवली, पुन्हा पुन्हा शोधलं. काही नव्हतं. डिस्क घरी आणून कपाटात ठेवली, किल्ली माझ्याकडे.

चार दिवसांनी बसमधून घरी येताना आत्याचा फोन आला.

“काय रे, माझं सगळं नीट आहे ना तिथं?”

“हो आत्या. एकदम सेफ.”

ती म्हणाली, “बरं.” तिचं बोलणं नेहमी ‘बरं’नंच संपायचं.

तेव्हाच सांगितलं असतं तर ती पुन्हा बोलली असती हो! हसून बोलली असती. पण जीभ उचलली नाही. आणि नंतर तिच्यासमोर बसायचं धाडस होईना म्हणून मी धारला जायचंच सोडलं. ओव्हरटाइम आहे, बस नाही मिळाली, ताप आहे... चार महिने. एका सकाळी तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला, झोपेतच गेली. वही शोधली, मिळाली नाही. मला वाचता येत नाही म्हटल्यावर तिनं तरी ती कशाला ठेवली असेल?

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. आई म्हणाली, “बोडण भरायचंय. वन्संचं ते लाव, मी ऐकून घेते.”

मी तेव्हाही खोटंच बोलायचं ठरवलं होतं. डिस्क लावायची, रिकामी दाखवायची, म्हणायचं खराब झाली बघ. भरदुपारी, जेवणं झाल्यावर, आईला शेजारी बसवून लॅपटॉपला डिस्क लावली. नव्या फाइल सिस्टिमवर एक फोल्डर आपसूक असतो, ‘लॉस्ट अँड फाउंड’. कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेल्या, नाव हरवलेल्या फाइली सिस्टिम त्यात आणून टाकते. एरवी तो रिकामा असतो. माझाही रिकामाच होता, मी स्वतः पाहिला होता. नाटक पूर्ण करायला तोही उघडला.

आत एक फाइल होती. नाव नाही, नुसता आकडा.

आई म्हणाली, “हेच ना? लाव.”

लावली. आधी पंख्याची कटकट. आत्याच्या खोलीतला पंखा तसाच वाजायचा. मग तिचा आवाज — “काय रे, माझं सगळं नीट आहे ना तिथं?”

आणि मग माझा. “हो आत्या. एकदम सेफ.” मागे बसचा हॉर्न, आणि कुणीतरी म्हणतंय, “ओ भिया, जरा खिसको ना.” ते वाक्य मी पार विसरलो होतो. ऐकल्यावर आठवलं, मी खरंच सरकलो होतो.

आईनं माझ्याकडे बघितलं. मी बघू शकलो नाही.

“बरं,” आत्या म्हणाली. फोन ठेवल्याचा आवाज. पण रेकॉर्डिंग चालूच. पंखा. मग हळू, स्वतःशीच — “गेलं वाटतं सगळं. पोर लाजलं. नको विचारायला पुन्हा.” आणि घसा साफ करून तिनं पहिल्यापासून सुरू केलं. “हं. बोडण. आधी परात मांडायची. देवीला पुरणावर बसवायचं. दही आधी, दूध मागून. कुमारिकेला विचाराल ना, तर ती मागेल तेवढंच घालायचं, आपण सुचवायचं नाही...”

आई उठली, कॅलेंडरचं जुनं पान काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. आत्या इतकं सावकाश सांगत होती की लिहिणाऱ्याला वेळ मिळावा. सगळं सांगून झालं. मग म्हणाली, “झालं. आता आहे ना रे नीट?”

नुसता पंखा वाजत राहिला. आई म्हणाली, “सांग की. विचारतायत त्या.”

मी लॅपटॉपसमोर हात जोडले आणि म्हणालो, “नाही आत्या. माझ्या हातानं पुसलं गेलं. मी खोटं बोललो.” मग रडलो. चाळीशीचा माणूस, बायकोनं आतून येऊन बघितलं इतक्या मोठ्यानं.

डोळे पुसून पाहिलं तर फाइल थांबलेली. पुन्हा लावायला गेलो तर आकार शून्य. आकडा तोच, आत काही नाही.

तिवारीला सगळं सांगितलं. म्हणतो, आत्यांच्या फोनमध्ये कॉल रेकॉर्ड होत असेल. असेल. पण कॉल संपल्यावर तो फोन खोलीतलं कसा ऐकेल? आणि डिस्क तर त्या कॉलच्या चार दिवस आधी पुसलेली, कपाटात बंद. लॉग बघितले. पहिल्यांदाच माझ्याकडे असा लॉग आहे ज्यात कारण नाही.

बोडण त्या पानावरून झालं. ते पान मी आता रोज थोडं थोडं वाचतो, आईच्या अक्षरातलं. अर्धं येतं. बाकीच्या कुळाचारांचं काय, ते माझ्यामुळे गेले ते गेलेच.

एकच राहिलं. त्या दुपारनंतर आठवड्याभरानं मी आईला म्हणालो, आत्या काहीच बोलली नाही गं शेवटी. आई तांदूळ निवडत होती, तिनं हात थांबवला. म्हणाली, “असं काय करतोस? तू सांगितलंस आणि वन्सं म्हणाल्या ना, ‘बरं’. चांगलं मोठ्यानं म्हणाल्या.”

आई शपथेवर सांगते. मी तिच्या शेजारीच होतो, स्पीकर माझ्यासमोर होता. मला ऐकू आलं नाही.