आत्या बसायला आली होती

कुणी मेलेलं नसताना माझी आत्या माझ्याकडे बसायला आली होती.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

घरातली गोष्ट आहे, म्हणून आईला फोनवर वाचून दाखवून मगच पोस्ट करतेय.

ती बसायला आली तेव्हा मी नगरहून अभ्यास अर्धवट टाकून पाथर्डीकडच्या आमच्या गावी परत आले होते. घरात शिकलेली मी पहिलीच. त्यामुळे परत येण्याचीही लाज वाटायची.

आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला गेलेले. घरात मी एकटी, भिंतीकडे तोंड करून पडलेली.
अंघोळ नाही. वेणी नाही.

फोनवर सगळे म्हणायचे, पॉझिटिव्ह राहा. चांगल्या मनाने म्हणायचे. मी "हो" म्हणायचे आणि फोन उलटा ठेवून द्यायचे.

आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. आमच्याच गल्लीत राहायची.

आमच्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे भाकरी-बेसन झाकून आणतात आणि नुसते बसतात. फार बोलत नाहीत.

आत्याने तेच केलं. पदराखाली ताट घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मला कळत न्हाई तुला काय हुतंय," ती म्हणाली. "पन हुतंय, हे दिसतंय."

पुढं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशीही.

झाकलेलं ताट रोज आमच्या घरात जाताना बघून गल्लीला वाटलं, ऊसतोडीवर काहीतरी बरंवाईट झालंय. एका दुपारी शेजारच्या बायका आपापली ताटं घेऊन दारात.

"कोन गेलं, आक्का?" एकीने हळूच विचारलं.

"कुनी न्हाई. पोरीला बरं न्हाई."

"आन् मी रडत आले की इथवर."

"झालं आसंल रडून तर बस आता."

त्या बसल्या. कुणाची शेळी आटली, कुणाच्या सुनेला भाकरी थापता येत नाही, असलं बोलत राहिल्या. मला कुणी काही सांगितलं नाही.

मी कूस बदलली आणि त्यांच्याकडे तोंड केलं.
बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

नुसतं बसल्याने मी बरी झाले असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पुढे आत्याच मला एसटीने नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या लागल्या. वेळ लागला.
पण एसटीत चढायचं बळ त्या दुपारींतून आलं.

आत्या गेली तेव्हा त्याच बायका आमच्याकडे आल्या. मी त्यांच्यात बसले होते आणि सारखं वाटत होतं, आता ती मागून येईल, "सरक जरा" म्हणेल.

मी शेजारी जागा ठेवली होती.

आता नगरला नोकरी करते. मन अजूनही कधी कधी जड होतं. परवा रूममेटला सांगितलं.

"मी काय करू?" तिने विचारलं.

"काही नको. बस थोडी."

ती बसली. तिला ऑफिसला उशीर झाला, तरी उठली नाही. तिचे उपकार आहेत माझ्यावर.

पण मी डोळे मिटून तुझ्या पातळाचा धुरकट वास शोधत होते, आत्या.

लई आठवण येते तुझी.
तुझ्या भाचीचा नमस्कार.