सरळ निघालेला चिरा

कल्पना करा, तुम्ही सावर्ड्याजवळच्या चिरेखाणीत उभे आहात. टिकावाने चारी बाजूंनी चर मारायचा, पहारीने चिरा तळातून सोडवायचा आणि मग कुऱ्हाडीने तासायचा. ताजा जांभा दगड मऊ असतो, म्हणून बघणाऱ्याला सोपं वाटतं. पण शेवटच्या घावाला हात जड पडला की कोपरा उडतो, आणि तशा चिऱ्याची मजुरी मिळत नाही.

सखारामकाकांनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यांचा धाकटा मुलगा विठू आणि मी रत्नागिरीत डिप्लोमाला आहोत, एकाच खोलीवर राहतो. थोरला लवू वडिलांबरोबर खाणीत असतो. विठूची फी आणि मेसचे पैसे लवूच्या मजुरीतून येतात. यंदा, शहाऐंशीच्या दिवाळीत, मी त्यांच्या घरी गेलो होतो.

तेव्हा पावसाचं पाणी उपसून खाण नुकतीच सुरू झाली होती. आम्ही दोघं तिथे गेलो, तर लवूने विठूच्या हातात कुऱ्हाड दिली.

"घे इंजिनेर. वजन आठवतं काय बघ."

विठू हसत खाली बसला आणि बघता बघता एक चिरा तासून मोकळा झाला. चारी कोपरे धारदार. लवूने त्यावरून बोट फिरवलं.

"माझा कोपरा अजून उडतो," तो म्हणाला. "ह्याचा हात पहिल्यापासून हलका."

बाजूला सखारामकाका बिडी ओढत होते. त्यांनी बिडी अर्धीच विझवली आणि उठून वर गेले. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. पाणी घेऊन मी मागे गेलो. ते करवंदीच्या जाळीशी उकिडवे बसले होते.

"बघितलास ना चिरा?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काविळीने लवूचं एक वर्ष बुडालं, त्यामुळे दोघं भाऊ एकदमच दहावी पास झाले. घरातून एकालाच शिकवणं जमणार होतं, आणि तेही दुसरा खाणीत राबला तरच. कुणाला पाठवायचं हे काकांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी खाणवाल्याचा हिशोब लावला. खाणीत मजुरी नगावर मिळते. तेव्हा ज्याचा हात चांगला तो खाणीत राहील, जास्त चिरे काढील आणि दुसऱ्याला शिकवील. दोघांना एकेक चिरा काढायला लावायचा, पण कशासाठी ते सांगायचं नाही.

"पोरांना बोललो नाय. फक्त त्यांच्या आयशीला, जनीला बोललो, चुलीजवळ, आदल्या संध्याकाळी."

दुसऱ्या दिवशी लवूचा चिरा सरळ निघाला. विठूच्या चिऱ्याचे दोन कोपरे गेले. खाणीतला धोंडू म्हणाला होता, "ह्या चिऱ्यावर घर बांधलंत तर घरवाला तिरपा चालेल." सगळे हसले. काकाही हसले. निकाल आपोआप लागला, आपल्याला तोंडाने कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

"विठूचा कोपरा त्याआधी कधी उडला नव्हता रे. आणि लवूचा कधी वाचला नव्हता. मला दिसत होतं. पण मी बोललो नाय. पुन्हा काढा म्हणायला हवं होतं. दगडाला विचारत बसलो. पोरांना विचारायला लाज वाटली."

मी म्हणालो, "काका, एखाद्या दिवशी होतं तसं."

"होतं. मी पण हेच बोलतो जनीला."

खालून लवूच्या कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. काका मान कलती करून ते ऐकत राहिले.

"आम्ही चुलीजवळ बोलत होतो तेव्हा दोघांतला एक जण पाणी प्यायला आत आलेला. काळोख पडलेला, मी वळून बघितलं नाय. लवू असेल, तर त्यानं भावासाठी जीव लावून चिरा काढला. विठू असेल, तर त्यानं मुद्दाम फोडला. जनीला आठवत नाय. मी कुणाला विचारणार? विचारलं तर एकाचं शिक्षण नासतं, नायतर एकाचं काम."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, पण प्यायले नाहीत.

"तू त्याच्या खोलीवर राहतोस. कधी बोलला काय तुला, त्या दिवशी पाणी प्यायला कोण आलेला?"