बाकावरचा पंचा

दीड महिन्यापूर्वी सकाळी मी चहा गाळत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. “भावोजी, हे गेले,” एवढंच त्या बोलल्या. चहा तसाच राहिला...

माझा मित्र मधू खोपकर मूळचा चिपळूणचा, हाडाचा कबड्डीपटू. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल संघात शिरला. त्यांचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका मारण्याचा खेळ. वर्षभर हा राखीव बाकावर बसला, एकदाही मैदानात उतरला नाही. ते बसणं त्याला फार लागलं होतं. पुढे सिंगापूरला दिवसा जुरोंगमध्ये नोकरी आणि संध्याकाळी एका कॉलेजात हाच खेळ शिकवणं, असं त्याने सात वर्षं केलं. मी संघाचा मॅनेजर, म्हणजे पाण्याचे कॅन उचलणारा.

त्याचा नियम मात्र चिपळूणच्या कबड्डीचाच होता. चूक करणारा बाद, पण आपल्या संघाने गुण मिळवला की बाद गडी जिवंत होऊन आत. तोवर त्याची मैदानातली जागा दुसरा सांभाळायचा आणि बाद गडी बाकावर मधूच्या पांढऱ्या पंच्यावर बसायचा. मी त्याला ‘पंचावाले गुरुजी’ म्हणायचो. तो हसायचा.

अंतिम सामन्यात विन्सेंट नावाच्या आमच्या पोराच्या हातून चेंडू निसटला आणि तो पंच्यावर जाऊन बसला. शेवटी शेवटी आम्ही गुण मिळवून पुढे गेलो. आता फक्त चेंडू सांभाळायचा होता. मधूने विन्सेंटला उठवलं. तो पोरगा स्वतःच सिंगापुरी ढबीत म्हणाला, “कोच, मी नको लाह.” मीही मधूचा दंड धरून त्याला अडवलं. मधू म्हणाला, “जिंकताना नियम मोडायचा, तर हरताना कशाला पाळायचा?” विन्सेंट आत गेला, चेंडू पुन्हा सुटला, सामना गेला.

कॉलेजने मधूला काढायचं ठरवलं. त्या पत्रावर मॅनेजर म्हणून मी सही केली. रागात केली, हे खरं, पण केली. मग दोन वर्षं मी त्याला टाळत राहिलो. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये दिसला की जिन्याने जायचो. मला माझीच लाज वाटत होती.

एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मी जागा शोधत असताना तो समोर उभा राहिला. शेजारच्या खुर्चीवरचं पाणी पंच्याने पुसून म्हणाला, “विन्सेंटला नोकरी लागली. आपला गुण झाला. चल, ये आत.” मी खुर्चीवर बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो. त्यानंतर दर रविवारचा नाश्ता आम्ही त्याच टेबलावर केला.

वहिनींनी तो पंचा मला दिला. परवा विन्सेंटचा फोन आला, मुलगी झाली म्हणून. रविवारी मी टेबलाशी गेलो, समोरच्या खुर्चीवर पंचा अंथरला आणि दोन कॉफ्या मागवल्या. “मधू, आपला गुण झाला,” म्हणालो. समोरची कॉफी निवून गेली तरी मला उठवेना.