धोटे सरांचा शेवटचा धडा आणि दहा फोडींचं संत्रं

शाळेत किस्से तयार करावे लागत नाहीत. चार-पाच शिक्षक, चहाची किटली आणि एक रिकामा तास एवढं जमलं की ते आपोआप होतात. कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून दर वेळी सांगताना थोडे वाढतातही. आमची शाळा सौंसर-पांढुर्णा रस्त्यावर. अर्धा स्टाफ सौंसरहून येतो, अर्धा पांढुर्ण्याहून, त्यामुळे एकच किस्सा दोन गावांत दोन तऱ्हेनं पोचतो. मी विज्ञान आणि कॉम्प्युटर शिकवतो आणि सौंसरचा आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

यंदाचे सगळे किस्से धोटे सरांपाशी येऊन थांबतात. धोटे सर आठवीला भूगोल शिकवतात. बत्तीस वर्षं झाली, आणि बत्तीस वर्षांत त्यांचं पुस्तक एकदाही पूर्ण झालेलं नाही. शेवटचा धडा महासागरांचा. पुस्तकं बदलली, चित्रं रंगीत झाली, पण महासागर शेवटीच राहिले आणि दर साली परीक्षा त्यांच्या आधी आली. या सत्राअखेर सर रिटायर होणार. एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "तेवढा एक धडा शिकवूनच जायचं हाय मले."

आम्ही सगळे हसलो. सर हसले नाहीत.

*

सर तिथवर का पोचत नाहीत, हे सांगायला एक उदाहरण पुरे. नदीचा धडा होता. नदी म्हटल्यावर जाम नदी आली. जाम नदीवरून पलीकडचं सावरगाव आलं. सावरगाववरून सरांचे तिथले व्याही आले, व्याह्यांवरून त्यांची म्हैस. दुसऱ्या दिवशीही म्हैस चालूच होती. पुस्तकातली नदी उगमापाशी थांबून होती.

आमच्या हेडमास्तर बागडे मॅडम यांनी मला बोलावलं. "वानखडे सर, धोटे सरांसाठी काहीतरी टाइमर बनवा. एका मुद्द्याला दहा मिनिटं, मग पुढचा मुद्दा. प्रोजेक्टरच्या पडद्यावर दिसला पाहिजे."

मी म्हटलं, "मॅडम, वर्गात भिंतीवर घड्याळ आहे की."

"ते त्यांच्या पाठीमागं हाय," मॅडम म्हणाल्या. "बत्तीस वर्षांपासून."

*

पहिला टाइमर मी प्रेझेंटेशनमध्ये बनवला. स्लाइडवर दहा निळ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी एका मिनिटाची. ॲनिमेशन असं की पट्टी हळूहळू पुसली जाते, ती संपली की पुढची सुरू. दहा संपल्या की दहा मिनिटं संपली. विचार चांगला होता. पण एक पट्टी संपल्यावर पुढची आपोआप सुरू व्हावी, ही सेटिंग करायची राहून गेली. सगळ्या पट्ट्या माउस दाबण्याची वाट पाहत बसल्या, आणि माउसला हात लावायची सरांना भीती.

तास संपल्यावर सर फार खुशीत स्टाफरूममध्ये आले.

"मस्त चीज बनवली वानखडे. चाळीस मिनिटं शिकवलं, पण दहा मिनिटंही नाही झाले."

*

मग खडसे मॅडम म्हणाल्या की पट्ट्या पाहून पोरांना काही कळत नाही, संत्रं करा. खडसे मॅडम आमच्या अतिथी शिक्षिका, चित्रकला त्यांचीच. त्यांनी दहा फोडींचं गोल संत्रं काढून दिलं. मी प्रत्येक फोडीला एक मिनिट दिलं, आणि या वेळी सेटिंग दोनदा तपासली. मिनिट झालं की एक फोड गायब. दिसायला इतकं छान होतं की मी स्वतः स्टाफरूममध्ये बसून ते दोनदा पूर्ण पाहिलं.

वर्गात लावलं. पहिली फोड गेली. सरांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे आंबिया बहाराचं दिसते," ते म्हणाले, "मृगाचं असं नसते." आणि पुढच्या नऊ फोडी आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांतला फरक सांगण्यात गेल्या. तेही खडसे मॅडमच्या चित्रावर बोट ठेवून.

*

आवाज असल्याशिवाय सर थांबायचे नाहीत, हे ठरलं. प्रेझेंटेशनमध्ये तयार आवाज असतात. घंटा लावली तर पोरं दप्तर भरून मोकळी होतील, म्हणून शेवटच्या फोडीला मी टाळ्यांचा आवाज लावला.

दुसऱ्या दिवशी सर पठाराचा धडा घेत होते. सातपुडा कसा उभा राहिला हे रंगात येऊन सांगत असतानाच दहावी फोड गेली आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. सर थांबले. त्यांनी हात जोडले. "बसा, बसा," असं बसलेल्याच पोरांना म्हणाले आणि नव्या दमानं आणखी पंधरा मिनिटं बोलले.

टाळ्या काढून टाकल्या.

*

मधल्या काळात संत्र्याची कीर्ती पसरली. लोधीखेड्याचा माझा एक शिक्षक मित्र पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि फाइल नेली. बागडे मॅडमनी तर स्टाफ मीटिंगलाही ते लावलं. नियम असा की संत्रं संपलं की मीटिंग संपली, वाक्य अर्धं राहिलं तरी. मॅडम नियमाच्या पक्क्या. "उद्या सगळ्यांनी सकाळी अर्धा तास..." एवढं म्हणाल्या आणि शेवटची फोड गेली. मॅडम उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अर्धा तास आधी येऊन कुलूपबंद फाटकापाशी उभे. मॅडम आल्या त्या तब्बल तासाभरानं.

"उशिरा या म्हणून राहिली होती मी," त्या म्हणाल्या.

*

खरा फरक पडला तो लाईट गेली त्या दिवशी. मी वायर पाहायला आठवीत गेलो होतो. प्रोजेक्टर बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, पण तो माझ्याकडे तोंड करून होता. सर भूकंपावर बोलत होते. थोड्या वेळानं पल्लवी नावाची मुलगी, वर्गाची मॉनिटर, शांतपणे म्हणाली, "सर, सातवी गेली."

मी लॅपटॉपवर पाहिलं. तीन फोडी उरल्या होत्या.

रोज पाहून पाहून मिनिट त्या पोरांच्या अंगात बसलं होतं. सरांच्या अंगात बत्तीस वर्षांत जे बसलं नाही, ते यांच्यात अडीच महिन्यांत. मला तेव्हा जरा वाईट वाटलं, सरांसाठीच.

*

पल्लवीनं मग वर्गात ठराव केला. धोटे सरांना महासागर शिकवायचा आहे, तेव्हा आजपासून सरांना कोणी काही विचारायचं नाही. प्रश्न विचारला की सर व्याह्यांकडे जातात. एकानं सवयीनं म्हशीची चौकशी केली, तर मधल्या सुट्टीत त्याच्याशी कोणी बोललं नाही.

याचा परिणाम झाला. धडे सरकू लागले. जंगलं संपली, खनिजं संपली. आम्ही खूश. फक्त सर खूश नव्हते. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"वानखडे, खरं सांगजो. माह्या शिकवण्यात काही बिघडलं काय? पोट्टे काहीच इचारून नाही राहिले."

मी म्हटलं, "नाही सर, लक्ष देऊन ऐकून राहिले ते."

"असं ऐकत असतात काय कुठं," म्हणाले आणि चढून गेले. ठरावाबद्दल मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याची मला अजूनही लाज वाटते.

*

परीक्षेआधीचा शेवटचा तास उरला, आणि पुस्तकात शेवटचा धडा. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही एकाच दिवशी आले. मी चाळीस मिनिटांची फाइल बनवली, चार संत्री, एकामागून एक. बागडे मॅडम काही काम नसताना व्हरांड्यात उभ्या राहिल्या. खडसे मॅडम त्यांच्या शेजारी. मी लॅपटॉपपाशी.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. पोरांना बसायला सांगितलं, पुस्तक उघडलं, खिशातून चष्मा काढून लावला. मी संत्रं सुरू केलं.

एक फोड गेली. दुसरी गेली. सर पानाकडे पाहत उभे.

"सर, सुरू करा ना," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"थांब व बाई," सर म्हणाले. "हा धडा म्याच कधी वाचला नाही."

आणि ते खुर्चीवर बसले. पुस्तक टेबलावर ठेवलं, ओळीवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात वाचू लागले. पहिलं संत्रं संपलं. दुसरं सुरू झालं. सरांनी पान उलटलं. पोरांनीही आपापली पुस्तकं उघडली आणि त्याच पानावर आणली. व्हरांड्यात मॅडम हलल्या नाहीत. तिसऱ्या संत्र्याच्या मध्यात सर एकदा "बापा, इतकं खोल," असं स्वतःशीच म्हणाले. कोणी हसलं नाही.

चौथ्या संत्र्याच्या तीन फोडी उरल्या असताना सरांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि वर्गाकडे पाहिलं.

"लय चांगला धडा हाय," ते म्हणाले. "हा तं पहिलाच ठेवाले पाहिजे होता."