मुक्या अक्षरांची रांग

निजामाच्या राज्यात परभणीला आमची मुलींची शाळा एका भाड्याच्या घरात भरायची. शिक्षण सगळं उर्दूत, आणि वरच्या वर्गांत इंग्रजी. इंग्रजी शिकवायला एक उस्तानीबाई होत्या. पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून यायच्या, बुरखा खुंटीला अडकवायच्या आणि तरटावर बसलेल्या आम्हा मुलींकडं अशा बघायच्या की कुजबुज जागच्या जागी थांबायची. त्यांनी इंग्रज माणूस जन्मात पाहिला नव्हता. इंग्रजी वडिलांकडून शिकलेल्या, पण बोलायच्या अगदी ठसक्यात.

लिहिलंय ते बोलायचं, हे आम्हा मराठी घरच्या मुलींना पाटी हातात आली तेव्हापासून शिकवलेलं. त्यामुळं 'नाइफ'च्या आधी तो के कशाला, हे काही केल्या पटेना. एकीनं धीर करून विचारलंच, "उस्तानीमाँ, बोलताच नहीं तो उसकू निकाल देना ना!"

उस्तानीबाई हसल्या. "घर में बुजुर्ग चुप बैठे तो उनकू निकाल देते क्या?"

त्यांनी यावर एक रीत काढली होती. शेवटची रांग मुक्या अक्षरांची. बाकीचा वर्ग एका सुरात स्पेलिंग म्हणायचा, आणि न बोलणारं अक्षर आलं की सगळ्या गप्प. तेवढ्यात मागच्या रांगेनं पायाचाही आवाज न करता उभं राहायचं आणि बसायचं. 'लॅम'च्या शेवटी बी आला, की उभं. 'नी', म्हणजे गुडघा, त्याच्या आधी के आला, की उभं. फार मजा यायची. निदान बाकीच्यांना तरी.

कारण बाकीच्यांची रांग बदलायची, माझी बदलत नसे. मी तोतरी होते. शब्दाचं पहिलंच अक्षर घशाशी अडायचं, विशेषतः ब आणि क, आणि मग मान हलायची, डोळे मिटायचे, पण शब्द येत नसे. कुणी हसू नये म्हणून उस्तानीबाईंनी मला मुक्यांत बसवलं होतं. त्यांची माया मला कळत होती आणि तरी मला त्यांचा भयंकर राग यायचा. मला बोलायचं होतं.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. ते एका संध्याकाळी आईला म्हणाले, "तपासणीला हैदराबादच्या बाई यायल्यात. इंग्रजीचं तोंडी वाचन घेणारेत. पोरगी वाचली तर जाऊ दे पुढच्या वर्गात. न्हाई वाचली तर बास झाली शाळा. उगी लोकांत हसं कशाला?"

मी आतल्या खोलीत होते. त्या दिवसापासून विहिरीवर, तुळशीपाशी, जिथं जागा मिळेल तिथं धडा वाचू लागले. एकटी असले की सगळं घडाघडा यायचं. त्याचाच मला जास्त संताप यायचा.

तपासणीच्या बाई आल्या. खुर्चीवर बसल्या, आधी आमचं स्पेलिंग आणि मुक्या रांगेची रीत बघून घेतली, मग चष्म्यातून सगळ्या वर्गावर नजर फिरवली आणि नेमकं मागच्या रांगेकडं बोट केलं. माझ्याकडं. "तुम. पढ़ो."

उस्तानीबाई काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. मी उभी राहिले. पहिले दोन शब्द बरे गेले. तिसरा ब वरून होता. तो अडला. मान हलली, डोळे मिटले. आता संपली शाळा, एवढंच मनात आलं.

शेजारी हालचाल जाणवली म्हणून डोळे उघडले. माझ्या शेजारची ठाणेदाराची मुलगी आवाज न करता उभी राहिली होती. मग तिच्या पलीकडची. मग सगळी रांग. शब्द सुटला, तशा सगळ्या खाली बसल्या. पुन्हा अडले, पुन्हा उभ्या राहिल्या. कुणी हसलं नाही. धडा संपेपर्यंत ते असंच चाललं.

बाईंनी उस्तानीबाईंना विचारलं, "यहाँ तो कोई चुप हरफ़ नहीं था. ये क्यों खड़ी हुईं?"

"मैं नहीं बोली, बेगमसाहब. अपने से खड़े हुए."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पढ़ती है," म्हणाल्या. "बैठो."

घरी दादा ओसरीवर वाट बघत होते.

"वाचलीस?"

"हो."

"अडखळलीस?"

"लय."

"मग?"

"त्या थांबल्या."

"कोण?"

"सगळ्याच."

वरच्या वर्गाची पुस्तकं दादांनीच आणून दिली.

आता केस पिकले, तोतरेपण पुष्कळ कमी झालं. तरी चारचौघांत एखादा शब्द अडतोच. तेव्हा कुणी खाली बघतं, कुणी घाईनं तो शब्द मला पुरवतं. माणसं भली असतात, मदत म्हणूनच करतात. पण मला त्या वेळी त्या मुली हव्या असतात.